विहिरीतला मुटका आणि समुद्रातली नळी

खान्देशातल्या माणसाला पोहायला शिकवायच्या भानगडीत पडू नये. पाठीला रिकामा डबा बांधून काकाने विहिरीत ढकललं की चौथ्या दिवशी पोरगं तरंगतं आणि आठव्या दिवशी काठावरून मुटका मारतं. पण मालवणला स्नॉर्कलिंगच्या, म्हणजे डोळ्या-नाकावर काचेचा मास्क आणि तोंडात नळी धरून पाण्याखालचं बघायच्या, होडीतून उतरल्यावर सगळ्यात जास्त खारं पाणी पितो तो हाच पट्टीचा पोहणारा. विहिरीने जे जे शिकवलं, ते ते इथे उलटं चालतं.

सुरुवातच मिशीपासून होते. मास्कच्या कडेला सिलिकॉनची मऊ झालर असते. ती उघड्या कातडीला चिकटली तरच पाणी बाहेर थांबतं. मधे केस आले की तिथून झिरपणार म्हणजे झिरपणारच. आता आमच्याकडे मिशी म्हणजे घराण्याचा सातबारा, तो कोण कोरा करणार? पण नाकाच्या अगदी खाली, झालर टेकते तेवढी अर्ध्या सेंटिमीटरची पट्टी भादरली तरी काम भागतं आणि मिशीचा रुबाबही शाबूत राहतो.

मास्क निवडायची रीत सोपी आहे. पट्टा न अडकवता तो चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलकेच हवा ओढायची आणि हात सोडायचे. चिकटून राहिला तर आपला, पडला तर निमूट दुसरा मागायचा. पाणी शिरायला लागलं की आपली माणसं पट्टा आवळतात, बैलगाडीची दोरी आवळावी तसा. त्याने झालरीला घडी पडते आणि गळती वाढते. पट्टा डोक्याच्या मागे, कानांच्या वर, नुसता बसलेला पुरे.

काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळायची आणि समुद्राच्या पाण्याने एकदाच हलकं विसळायचं. थुंकायचं म्हटल्यावर काही मंडळी फारच उत्साहाने पुढे येतात. त्यांनी आधी तोंडातली पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकावी, नाहीतर पुढचा अर्धा तास समुद्र तांबडा दिसेल.

मग नळी. ‘‘एवढुशी कशाला? आपला ठिबकचा पाइप जोडला तर तळापर्यंत जाता येईन ना भो?’’ हा प्रश्न जळगावकडच्या प्रत्येक होडीत निघतो. नाही येणार. नळी ३५ ते ४० सेंटिमीटरची असते ती हिशेबाने. लांब पाइपात आपलीच सोडलेली शिळी हवा साचते आणि तीच परत आत येते. शिवाय मीटरभर खाली पाणी छातीला असं दाबतं की वरची हवा ओढायला फासळ्याच उचलत नाहीत.

रबरी तोंडी ओठांच्या आत धरायची, दोन खुंट्या दातांत अलगद. चावल्या तर रात्री भाकरी चावताना जबडा जाब विचारतो. श्वास फक्त तोंडाने, घेतानाही आणि सोडतानाही. नाकाने सोडला की काच धुरकटते आणि झालर उचलली जाते. आणि बोलायचं नाही. ही अट सगळ्यात जड. मासा दिसला की शेजारच्याला ‘‘दिसना का?’’ विचारायला तोंड उघडतंच, आणि अरबी समुद्र आत येतो. अशा वेळी डोकं वर काढून धडपडू नये. चुलीत फुंकणी मारतात तशी एकच जोरकस फुंक मारली की नळी मोकळी होते. मास्कात पाणी आलं तर वरची कड कपाळाशी दाबून, किंचित वर बघत नाकाने हवा सोडायची.

तेवढं जमलं की खाली पोपटमासे आणि काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर नावाचे मासे दिसतात. पाण्यात वस्तू एक तृतीयांश मोठी दिसते, त्यामुळे गावी सांगताना हातभर मासा म्हणाल तर चौथाई वजा धरावी. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा हा टापू १९८७पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं. दमलो म्हणून ज्या ‘दगडावर’ उभे राहता ते बहुधा प्रवाळ असतं, म्हणजे जिवंत जनावरांची वसाहत. काही जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. तरंगायचं जॅकेट घातलेलं असतं, नुसतं पडून राहा. मासे गोळा करायला पाव टाकतात तो प्रकारही मला बघवत नाही.

उन्हाचं काय सांगायचं? ४५ अंशांत लग्नाच्या पंगती उठवणारे आम्ही, आम्हाला कसलं ऊन लागतं! पाठ गार पाण्यात असते, म्हणून भाजलेली कळत नाही. संध्याकाळी पाठीचं भरीत झालेलं असतं. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला.

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून खोल जायचं, करणार असाल तर विहिरीतली आणखी एक पैज विसरा: श्वास कोंडायची. दहा मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथली छातीभर हवा वर येता येता दुप्पट फुगते. कोंडली तर फुप्फुस फाटू शकतं. सतत श्वास चालू हवा. उतरताना दर अर्ध्या मीटरला नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं, कान दुखायच्या आधी. सर्दी असेल तर होडीत बसून केळी खा.

आणि डाइव्ह झाल्यावर लगेच गाडी काढून आंबोली घाट चढू नका. तो जवळपास ७०० मीटर उंच आहे. अंगात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे धरू शकतो. एका डाइव्हनंतर निदान १२ तास, जास्त झाल्या तर १८ तास खालीच थांबायचं. म्हणजे रात्रीचा मुक्काम मालवणात. तिथे समोर सुरमईचं ताट आलेलं असतं, आणि आमच्यातला एक जण वाढप्याला विचारत असतो, ‘‘भाऊ, कळण्याची भाकर भेटीन का?’’