कालप्रवासाच्या त्या फॉरवर्डबद्दल

“आइन्स्टाईनने काळ हा भ्रम असल्याचं सिद्ध केलं. एक अंतराळवीर भविष्यात जाऊन परत आला. 2019 मध्ये शास्त्रज्ञांनी काळ उलटा फिरवला. भूतकाळात जायचं गणित तयार आहे, फक्त यंत्र बनायचं बाकी!” हा मजकूर मला तीन जणांनी पाठवला, त्यातले दोघे विज्ञान शिकलेले.

आधी भ्रमाचं बघू. मार्च 1955 मध्ये आइन्स्टाईनचा जुना मित्र मिकेले बेसो वारला. त्याच्या घरच्यांना आइन्स्टाईनने पाठवलेल्या सांत्वनपत्रात भ्रमाचं ते वाक्य आहे, आणि तिथे भ्रम म्हटलंय ते भूत, वर्तमान, भविष्य यांतल्या भेदाला, काळाला नव्हे. पत्रात कोणी काही सिद्ध करत नसतं. (पुढच्याच महिन्यात आइन्स्टाईनही गेला.) त्यामागचा विचार पोकळ नाही, हे खरं. साऱ्या विश्वाला मिळून एकच ‘आत्ता’ नसतो, हे आइन्स्टाईनचा सापेक्षता सिद्धांत सांगतोच. पण ज्याच्या त्याच्या घड्याळात पडणारा काळ मोजता येतो, आणि सिद्धांताचा सगळा हिशेब त्याच्यावरच चालतो.

अंतराळवीर म्हणजे बहुधा रशियाचा सर्गेई क्रिकालेव्ह. वेगाने फिरणारं घड्याळ मंद चालतं. एकूण 803 दिवस तो सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने पृथ्वीभोवती फिरला आणि आपल्यापेक्षा सुमारे 0.02 सेकंद कमी म्हातारा झाला. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. गंमत अशी, की उंचावर गुरुत्व कमी असल्यामुळे घड्याळ पुढेही पळतं. क्रिकालेव्हच्या कक्षेत वेगाचा परिणाम भारी पडतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,000 किलोमीटरवर असतात. तिथे पारडं फिरतं आणि घड्याळं दिवसाला 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. तेवढ्यात प्रकाश 11 किलोमीटरहून जास्त अंतर कापतो, म्हणून ही दुरुस्ती आधीच करून ठेवावी लागते. तेव्हा “भविष्यात गेला” हे एकवेळ चालवून घेऊ. “परत आला” मात्र साफ खोटं. क्रिकालेव्ह आपल्या आजमध्ये उतरला आणि इथेच राहिला.

2019 चा प्रयोग क्वांटम संगणकावरचा. दोन-तीन क्युबिटांची (अशा संगणकातल्या माहितीच्या सर्वात लहान एककांची) स्थिती बिघडू दिली आणि मग मुद्दाम लिहिलेल्या प्रोग्रॅमने ती मूळ जागी आणली. दोन क्युबिटांत हे सुमारे 85 टक्के वेळा जमलं, तीनांत निम्म्याच्या आसपास. पिसलेले पत्ते पुन्हा क्रमाने लावण्यासारखंच हे. तेवढ्या वेळात प्रयोगशाळेतलं घड्याळ पुढेच सरकत होतं.

राहिलं गणित. ते खरंच आहे. 1949 मध्ये गणितज्ञ कुर्ट ग्योडेलने आइन्स्टाईनच्याच समीकरणांचं असं उत्तर काढलं, ज्यात पुढे पुढे जाणारा प्रवासी स्वतःच्या भूतकाळात पोचतो. फक्त ते विश्व अख्खं गरगरतं आणि प्रसरण पावत नाही. आपलं प्रसरण पावतं, आणि तशा गरगरण्याचा काही पुरावा नाही. यंत्र बनवायच्या आधी विश्वच बदलावं लागेल. म्हणून भूतकाळात जाणं अशक्यच, असं मी म्हणत नाही. निसर्गाचे नियमच ते होऊ देत नसावेत, हा भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगने 1992 मध्ये मांडलेला अंदाजसुद्धा अजून अंदाजच आहे.