हॉस्पिटलात अतिरेकी सापडला म्हणून ते उडवता येत नाही

आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस एक फॉरवर्ड फिरतोय, "जिनेव्हा कराराचं सत्य, जे मीडिया सांगणार नाही". टाकलाय कुणी तर माझ्या मावशीनं, जिची अख्खी नोकरी सिव्हिलमध्ये स्टाफ नर्स म्हणून गेली, त्यामुळे गप्प बसवत नाहीये.

पहिला मुद्दा, आणि सगळ्यात घातक: हॉस्पिटलात एक जरी अतिरेकी असला तरी ते आपोआप लष्करी टार्गेट होतं. जिनेव्हा करार म्हणजे युद्धातही जखमी, कैदी आणि नागरिकांना संरक्षण देणारे 1949चे चार आंतरराष्ट्रीय करार. त्यातल्या चौथ्याचं, नागरिकांबद्दलच्या कराराचं, कलम 19 काढून वाचा, छोटंसं आहे. अर्धी गोष्ट खरी आहे, तेवढी मान्य करते, हॉस्पिटलातून शत्रूवर हल्ले होत असतील तर त्याचं संरक्षण जाऊ शकतं. पण तेही आधी इशारा देऊन, शक्य तिथं वाजवी मुदत देऊन, आणि तरीही कुणी ऐकलं नाही तरच. त्याच कलमात पुढं सरळ लिहिलंय की जखमी सैनिकांवर तिथं उपचार चालू असणं किंवा त्यांच्याकडून काढून घेतलेली छोटी हत्यारं तिथं सापडणं हे कारण धरायचं नाही. मावशी, तुमच्या वॉर्डात पोलीस बंदोबस्तात पेशंट यायचेच ना, हातात बेडी असलेले? त्यांचं ड्रेसिंग तूच करायचीस, केस कसली आहे ते न विचारता. मग?

वर त्यात कुंदुझचं उदाहरण दिलंय, म्हणे आत तालिबानी होते म्हणून अमेरिकेचा हल्ला कायदेशीर. 3 ऑक्टोबर 2015, अफगाणिस्तान, 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेचं ट्रॉमा हॉस्पिटल. जीपीएस लोकेशन त्यांनी आधीच कळवलेलं होतं. रात्री दोननंतर एसी-130 विमानानं मुख्य इमारतीवर मारा सुरू केला, आयसीयूतले पेशंट बेडवरच जळाले. 42 माणसं गेली, त्यात 14 तिथलाच स्टाफ. जखमी तालिबानी तिथं होते, हो, आणि सरकारी फौजेचेही होते. आणि अमेरिकन लष्कराच्या स्वतःच्याच चौकशीत काय निघालं? विमानाला मारायची होती दुसरीच इमारत, साधारण 400 मीटरवरची, आणि काही जणांनी युद्धाचे कायदे पाळले नाहीत. 16 जणांवर शिस्तभंगाची कारवाई झाली, खटला एकावरही नाही, याचा मला अजून संताप येतो. पण कायदेशीर होतं असं खुद्द अमेरिकन लष्करसुद्धा म्हणत नाही, आणि आपण इथं बसून म्हणतोय!

फॉरवर्डमधला पुढचा दावा, "इशारा दिला की जबाबदारी संपली." व्हेंटिलेटरवरच्या पेशंटनं उठून जायचं कुठं? मागं राहिलेला नागरिक नागरिकच राहतो आणि लष्करी फायद्याच्या मानानं माणसं बेसुमार मरणार असतील तर हल्ला करायचाच नाही, हा नियम इशाऱ्यानंतरही तसाच लागू.

"समोरचे पाळत नाहीत तर आपण का?" कारण चारही करारांच्या पहिल्याच कलमात कुठल्याही परिस्थितीत पाळू असं देशांनी लिहून दिलंय. विषय संपला.

शेवटचं, "भारतानं सहीच केलेली नाही". 1977चे जादा प्रोटोकॉल, म्हणजे या करारांना नंतर जोडलेले पूरक करार, भारतानं स्वीकारलेले नाहीत हे खरंय. पण 1949च्या चारही करारांना भारतानं 1950मध्येच मान्यता दिली, आणि 1960चा आपल्या संसदेचा जिनेव्हा करार कायदा आहे, त्यात करारांनी संरक्षण दिलेल्या माणसाला जाणूनबुजून ठार मारल्यास फाशी किंवा जन्मठेप आहे. मावशी, तो फॉरवर्ड डिलीट कर, आणि नर्सेसच्या ग्रुपवर टाकला असशील तर तिथं हे पण टाक.