मतं किती पडली, तेही सांगा

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेच्या महाअंतिम फेरीचा निकाल लागला की महाराष्ट्रात तोच वाद पेटतो: परीक्षकांचं ऐकायचं की एसएमएसचं? स्पर्धकाच्या गावात फ्लेक्स लागतात, हरलेल्याच्या गावात संताप. यातली ‘इंडियन आयडल’ ही स्पर्धा मुळात ब्रिटनची. २००१ चा तिथला ‘पॉप आयडल’ २००४ मध्ये ‘इंडियन आयडल’ होऊन भारतात आला आणि पहिला विजेता ठरला आपला अभिजीत सावंत. त्यानंतर ब्रिटनमध्ये मतमोजणीवरून जे रामायण घडलं, त्याची चर्चा मात्र आपल्याकडे होत नाही. ती व्हायला हवी.

परीक्षक की जनता, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. दोघांची बेरीज कशी करता, ते आधी सांगा. परीक्षकांचे गुण चाळीसपैकी, मतं लाखांत; तशीच बेरीज केली तर परीक्षकांना काडीची किंमत उरत नाही. म्हणून बीबीसीच्या ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ या नाचाच्या स्पर्धेमध्ये क्रमांकांना गुण देतात. तीन जोड्या उरल्या असतील तर परीक्षकांकडून ३, २, १ आणि जनतेकडूनही ३, २, १. बेरजेत खाली राहिलेल्या दोन जोड्या पुन्हा नाचतात आणि त्यातली एक बाद होते.

ही पद्धत फसली ती बरोबरी झाल्यावर. डिसेंबर २००८ च्या उपांत्य फेरीत रेचल स्टीव्हन्स आणि लिसा स्नोडन या स्पर्धक परीक्षकांकडे बरोबरीत पहिल्या आल्या. दोघींना ३-३, तिसरा स्पर्धक टॉम चेंबर्सला १. आता टॉमला सर्वाधिक मतं पडली तरी त्याचे होणार ४. त्या दोघींत जिला जास्त मतं तिचे ५, दुसरीचे ४. म्हणजे काहीही झालं तरी टॉम खालच्या दोघांत येणारच. त्याच्यासाठी पैसे मोजून केलेला प्रत्येक फोन वाया. मतदान सुरू झाल्यावर हे लक्षात आलं. शेवटी बीबीसीने कोणालाच बाद केलं नाही, मतं अंतिम फेरीत धरली, आणि जिंकला टॉमच!

ही निदान चूक होती. आयटीव्ही या ब्रिटनमधल्या खासगी वाहिनीच्या ‘सोपस्टार सुपरस्टार’ या गाण्याच्या स्पर्धेमध्ये स्पर्धकाने कुठलं गाणं गायचं ते प्रेक्षक पैसे भरून ठरवत, आणि निर्माते काही वेळा तो कौल सरळ बाजूला सारत. असे अनेक प्रकार उघडकीला आल्यावर मे २००८ मध्ये ऑफकॉम या नियामक संस्थेने आयटीव्हीला ५६ लाख ७५ हजार पौंड दंड ठोठावला. मतदानाची पडताळणी त्रयस्थाकडून करून घेणं वाहिन्यांना बंधनकारक झालं. आयटीव्हीचाच गाण्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम ‘एक्स फॅक्टर’ तर पर्व संपलं की दर आठवड्याची टक्केवारी जाहीर करायचा. २०१० चा विजेता मॅट कार्डल दुसऱ्या आठवड्यापासूनच मतांत पुढे होता, हे त्यातूनच कळलं. बीबीसी अजूनही आकडे देत नाही, आणि ते मला मुळीच पटत नाही.

मराठी वाहिन्यांनी बरोबरीचा नियम मतदान सुरू होण्याआधी सांगावा. एका फोन नंबरवरून किती मतं धरणार ते पडद्यावर लिहावं. आणि महाअंतिम फेरीच्या दुसऱ्या दिवशी दर आठवड्याची टक्केवारी द्यावी. मोजणी संगणकावरच होते, त्यामुळे ती त्याच रात्री तयार असते.