तंबू काठावर की आत झाडीत? काल कट्ट्यावर झालेला वाद

पुढच्या शनिवारी जंगलातल्या तळ्यावर कॅम्पिंगला जायचं ठरलंय आणि काल कट्ट्यावर फक्त तंबू कुठे लावायचा यावरून दीड तास वाजलं. डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकतो.

पक्याचं म्हणणं, एवढं चालत जायचं ते पाण्यासाठीच ना, मग सकाळी तंबूची चेन उघडली की समोर तळं दिसलं पाहिजे, नाहीतर घरीच झोपा. मी म्हटलं काठापासून निदान ६० मीटर आत. "मोजायला टेप आणणारेस का?" अरे टेप कशाला, मोठ्या माणसाची ७०-८० पावलं होतात, चालत मोजायची.

मी आधी थंडीचं काढलं. थंड हवा जड असते, रात्री उतारावरून घरंगळत खाली येते आणि खोलगट जागेत साचते, आणि तळं म्हणजे त्या भागातली सगळ्यात खोलगट जागा. यावर ताईने बरोबर पकडलं मला, म्हणाली पाणी तर जमिनीपेक्षा हळू गार होतं, मग काठ उबदार नको का? मुद्दा खराच आहे तिचा. पण त्याच कोमट पाण्याची वाफ वर येऊन गार हवेत धुकं होतं, आणि त्या दमट हवेत आपल्या श्वासाची वाफ तंबूच्या कापडाला आतून दव होऊन बसते. बंड्या लगेच म्हणाला, मागच्या वेळी माझी स्लीपिंग बॅग पायाकडून ओली झाली होती, मी समजत होतो तंबू गळतोय! गळत नव्हता रे, काठाला अगदी लागून लावला होता आणि खिडक्या बंद ठेवून झोपला होतास.

मला खरं जे बोलायचं होतं ते प्राण्यांबद्दल. आपल्यासाठी तो व्ह्यू आहे, त्यांच्यासाठी तो पाणी प्यायचा रस्ता आहे. चिखलात पावलं बघा कधी सकाळी, ठराविक वाटेनेच येतात, बरेचसे संध्याकाळी नाहीतर पहाटे. तिथे आपण टॉर्च आणि स्पीकर घेऊन बसलो तर ते तहानलेले मागे फिरतात. आणि स्पीकरचं तर वेगळंच, संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार आणि वरची गरम असली की आवाज वर न जाता खाली वळतो, पार पलीकडच्या काठाला गप्पासुद्धा ऐकू जातात.

"एका रात्रीने काय बिघडतंय?" पक्या. एक रात्र आपली, पण सपाट जागा सगळ्यांना तीच दिसते ना. माती दबते, मुळांना हवा मिळत नाही, गवत मरतं, मग पावसात काठच वाहून जातो. त्याच उथळ पाण्यात बेडूक अंडी घालतात, चतुराची पिल्लं पाण्यात वाढून लव्हाळ्यावर चढतात आणि तिथेच कात टाकून उडतात. आपण ते लव्हाळं चटई टाकायला तुडवतो, याचा मला मनापासून त्रास होतो.

मग भांड्यांवर आलो. बंड्या म्हणाला माझा साबण बायोडिग्रेडेबल आहे, तळ्यात चालतो. नाही चालत! तो नीट विरायला मातीतले जिवाणू लागतात, पाण्यात तो साबणच. पाणी भरून लांब आणायचं, तिथे धुवायचं आणि मातीवर पसरून ओतायचं. शौचाचं पण तसंच, तेवढंच लांब आणि १५-२० सेंटीमीटर खड्डा.

शेवटी पक्याने जोरदार मुद्दा मारला, झाडीत फांदी डोक्यात पडली तर? इथे मी गप्प झालो कारण ते खरंच होतं. म्हणून ठरलं की तंबू ठोकायच्या आधी प्रत्येकाने वर बघायचं, वाळलेली लटकती फांदी, उभं मेलेलं झाड, कललेलं खोड, यातलं काही दिसलं की जागा बदलायची. आणि नवी जागा साफ करायची नाही, आधीच्या लोकांनी वापरून उघडी पडलेली जागाच घ्यायची.

पाणी आणायचा कॅन पक्या उचलणार. बदल्यात त्याला पहाटे ५ ला उठवून काठावर न्यायचं, स्पीकर नाही, टॉर्च खाली धरून, उजाडेपर्यंत शांत बसायचं. उठवायचं काम माझ्याकडे आहे आणि ताई पण येते म्हणालीये.