सुरमई नाही मिळणार, दादा

सकाळी सात वाजता भावंडांच्या ग्रुपवर दादाने जुलैअखेरच्या कोकण ट्रिपचा 'फायनल प्लॅन' टाकला. शुक्रवारी रात्री ठाण्याहून निघायचं. शनिवारी मालवण, स्कूबा, होडीने सिंधुदुर्ग किल्ला, दुपारी सुरमई थाळी. रविवारी आंबोलीचा धबधबा, 'वन अवर मॅक्स', आणि परत. खाली एकवीस अंगठे. एकवीस!

एकालाही विचारावंसं वाटलं नाही की जुलैच्या दर्यात स्कूबा कोण करू देणार? पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद असते. स्कूबा बंद. यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जूनपासून बंद, कारण दर्या खवळलेला आणि माशांचे विणीचे दिवस. म्हणजे शनिवार अख्खा बंद आहे, फक्त दादाला कुणी सांगितलेलं नाही.

मी सांगितलं. "दादा, सुरमई नाही मिळणार." तर म्हणे, "अगं, हॉटेलवाले देतात." देतात की, बर्फातली. ती आपल्या नाक्यावरही मिळते. तिच्यासाठी पाचशे किलोमीटर गाडी कशाला हाणायची? (खाडीचे मासे मिळतात थोडेफार, नशीब असेल तर चढणीचेही, म्हणजे पावसात ओढ्यातून वर चढणारे. मान्य. पण सुरमई नाही.)

तीन वर्षांपूर्वी अशाच जुलैत आम्ही दोघं सावंतवाडीजवळ एका घरी उतरलो होतो. पहिल्या रात्री काकूंनी ताट वाढलं: उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा आणि टाकळ्याची भाजी. टाकळा म्हणजे पहिल्या पावसानंतर रस्त्याकडेला माजतो ना, आपण ज्याला तण म्हणून ओलांडून जातो, तोच. त्यात मे महिन्यापासून जपून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या आणि वरून ओलं खोबरं. किंचित कडसर पाला आणि मध्येच दाताखाली येणारी पिठूळ आठळी. बाहेर कौलांवर पाऊस असा कोसळत होता की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. ही चव डिसेंबरात कितीही पैसे मोजून मिळत नाही, कारण डिसेंबरात कोवळा टाकळा कुठून आणणार?

पण नाही, आपल्याला सुरमई हवी. आणि स्विमिंग पूल. पावसात! ग्रुपवर वहिनीने पूलवाल्या रिसॉर्टचे फोटोही टाकलेत. वरून धो धो पडतंय ते फुकटचं पाणी चालत नाही यांना.

आणि आंबोलीला एक तास? धबधब्याखाली कणसं, स्पीकर, फुटक्या बाटल्या, गाड्यांची रांग, एवढंच बघायचं असेल तर एक तासही जास्त झाला. मला राग ह्याचाच येतो. त्याच गावात हिरण्यकेशीच्या उगमापाशी, देवळाच्या कुंडात, एक बोटभर मासा राहतो. नदीचंच नाव देऊन २०२० मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद झाली, आणि २०२१ मध्ये सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. त्याच गावाच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, बेडकासारखा एक इवलासा भेक आहे, अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे. आंबोलीच्या आसपास सोडून जगात कुठेच नाही. कातळाच्या खळग्यात पसाभर पाणी साठलं की त्यातच अंडी घालतो. आपण त्याच खळग्यात चपला धुतो, आणि सड्यावर गाडी उभी करून रील काढतो.

त्याच जुलैत एका रात्री आंबोलीतल्या एका मुलाबरोबर आम्ही बॅटरी घेऊन फिरलो होतो. त्याने पाण्यावर वाकलेल्या फांदीकडे बोट दाखवलं. पानाला साबणाच्या फेसासारखा गोळा चिकटलेला. उडत्या बेडकाचं घरटं. पिल्लं तयार झाली की त्या फेसातून थेट खालच्या पाण्यात टपकतात. मग त्याने बॅटरी विझवली आणि पाच मिनिटं आम्ही नुसते ऐकत उभे राहिलो. आता ही पाच मिनिटं दादाच्या एक्सेलमध्ये कुठल्या रकान्यात घालू?

बरं, आत्याचे गुडघे, दोन लहान मुलं आणि दोनच दिवसांची सुट्टी, हे मलाही दिसतं. सगळ्यांनी रात्री चिखलात उभं राहावं असं माझं म्हणणं नाही. कमोडवाली खोली बघू, ते काही अवघड नाही.

आणि आता लिहायलाच बसलेय तर ते ताट कसं आलं तेही सांगते. काकूंनी वाढलं तेव्हा पहिलं वाक्य मीच बोलले होते. "काकू, पण बुकिंग करताना ताजे मासे मिळतील असं लिहिलं होतं." अगदी त्याच आवाजात, ज्या आवाजात आपण वेटरला बिल चुकल्याचं सांगतो. काकू क्षणभर थांबल्या. मग हसल्या. "आता मासे खंय गावतले गो बाय? दर्या बंद आसा. ह्या खा." त्या टाकळ्यासाठी संध्याकाळी पावसात डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन त्या परसाच्या मागे गेल्या होत्या, हे मी ओटीवरून पाहिलं होतं. पाहिलं होतं, तरी बोलले. नवरा पानात बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी न मागता त्यांनी खाडीवरून चार कुर्ल्या मागवल्या. मला त्या गोड लागल्या नाहीत.

तेव्हा दादावर एवढी का उखडले, हे मला कळतंय. दादाच्या मेसेजवर मी जे लिहिलं त्यातलं निम्मं मघाशी डिलीट केलंय. त्याचाही फोन आला, "बरं बाई, तूच ठरव." स्कूबा रद्द. मालवणही रद्द. मुक्काम काकूंकडे, रेल्वेने जायचं, पावसाळी वेळापत्रकात गाडी रखडत जाते ती रखडू दे.

आत्ता काकूंना फोन लावला. एकवीस माणसं म्हटल्यावर जराही दचकल्या नाहीत. फक्त एकच विचारलं, "सकाळी तेंका पेज चलात मां?"

ग्रुपवर विचारलंय. अजून एकही अंगठा आलेला नाही.