संत बाया आणि मायबापाचा शब्द

आषाढी जवळ आली की आमच्या तिवसा तालुक्यातल्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘जनाबाई, मुक्ताबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई... एकीनंही मायबापाचा शब्द मोडला नाही, म्हणून त्यांना देव भेटला. आजच्या पोरींनी शिकावं.’ यंदा तो अमरावतीला शिकायला जाऊ पाहणाऱ्या एका पोरीला घरच्यांनी मोठ्यानं वाचून दाखवला. म्हणून लिहिते आहे.

आधी कान्होपात्रा. तिची माय शामा मंगळवेढ्याची गणिका. मायचा शब्द पाळायचा तर कान्होपात्रेला तोच धंदा करावा लागला असता. तिनं नकार दिला, वारकऱ्यांसोबत पंढरपूर गाठलं, आणि बिदरच्या बादशहाची माणसं न्यायला आली तेव्हा विठ्ठलाच्या पायाशी प्राण सोडला. तिची कथा या नकारावरच उभी आहे.

जनी मायबापासोबत गंगाखेडहून पंढरीला आली आणि परत जायला तयारच झाली नाही, असं कीर्तनात सांगतात. ‘डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी’ हे तिचेच शब्द. यात कोणाची आज्ञा पाळलेली दिसते?

मुक्ताईचे मायबाप तर तिच्या लहानपणीच देहान्त प्रायश्चित्त घेऊन गेले. उरले तीन थोरले भाऊ. त्यांतला ज्ञानेश्वर रुसून दार लावून बसला, तेव्हा तिनंच त्याला समजावलं: ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा.’

बहिणाबाईंपुरतं थोडं मान्य करते. त्यांनी संसार सोडला नाही, पतिसेवेचे अभंगही रचले. पण तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. मार खाऊनही गुरू सोडला नाही.

राहिलं ‘म्हणून देव भेटला’. मायबापाची सेवा केली म्हणून देव दारी आला, ही कथा पुंडलिकाची. तो मुलगा होता. आणि त्यानंही आधी मायबापाला छळलं होतं. हा मेसेज पोरांना कोणी पाठवलेला मी अजून पाहिला नाही.

आपल्याच तालुक्यातलं कौंडण्यपूर रुक्मिणीचं माहेर. भाऊ रुक्मीनं शिशुपालाशी ठरवलेलं लग्न तिनं नाकारलं, कृष्णाला पत्र धाडलं. आपण तिची पालखी दरवर्षी पंढरपूरला नेतो. तिच्या लग्नाचे धवळे, म्हणजे लग्नगीतं, तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या कवयित्री महदाईसेनं गायले, तेही आपल्याच जिल्ह्यातल्या रिद्धपुरात, पंथाचे गुरू गोविंदप्रभूंसमोर. त्या पोरीला काही मोठ्यानं वाचून दाखवायचंच असेल, तर ते धवळे वाचा.