ग्दान्स्क म्हणजे फिल्मसिटीचा सेट? कोल्हापूरच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया वाचली, घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवली, आणि उत्तर कमेंटमध्ये मावेना म्हणून इथे लिहितेय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरावरच्या माझ्या लेखावर काकांनी (मला काका म्हण असं त्यांनीच लिहिलंय) चार गोष्टी सुनावल्यात. प्रायव्हेट गाईडवर पैसे उधळले, फुकट वॉकिंग टूर आणि यूट्यूब कशाला आहे मग. ते जुनं शहर मुळात जुनं नाहीच, 1945 ला बेचिराख झालं आणि नंतर उभारलं, तेव्हा "फिल्मसिटीचा सेट बघायला गाईड कशाला". तिथला माणूस आपल्याच बाजूचं रडगाणं गाणार. आणि बाल्टिकचं बंदर बाल्टिकचं बंदर म्हणून एवढं लिहिलंस, एका फोटोत समुद्र दिसेल तर शपथ.

समुद्राचं आधी उरकते. जुन्या ग्दान्स्कमधून समुद्र दिसतच नाही काका, ते नदीवरचं बंदर आहे. शहर मोत्वावा नदीच्या काठाला, समुद्र काही किलोमीटर लांब. पोलंडच्या आतल्या भागातलं धान्य आणि लाकूड विस्तुला नदीतून खाली यायचं, मोत्वावातल्या बेटावरच्या कोठारांत साठायचं आणि तिथून जहाजात चढून पार अ‍ॅम्स्टरडॅमपर्यंत जायचं, त्या धान्यावरच हे गाव गब्बर झालं. फोटोतली ती पाण्यावर झुकलेली काळी लाकडी इमारत तुम्हाला हॉटेल वाटली, ती 1440 च्या दशकातली क्रेन आहे. आत दुमजली घराएवढी लाकडी चाकं आहेत आणि चाकाच्या आत माणसं चालायची, म्हणजे नुसती चालायची, दिवसभर, जागच्या जागी, मग दोर गुंडाळला जायचा आणि 4 टनांपर्यंतचा माल वर उचलला जायचा, जहाजांच्या डोलकाठ्यासुद्धा तिथेच बसवायचे. मी खाली उभी राहून फक्त वर बघत होते, आमच्या गाईडबाईंनी मान खाली घालायला लावली आणि म्हणाल्या, आता चालणाऱ्याच्या पायांचा विचार कर.

आता सेटचं. हा तुमचा मुद्दा मला सगळ्यात आवडला, कारण गाईड घ्यायचं खरं कारण तिथेच आहे.

1945 च्या मार्चमध्ये सोव्हिएत सैन्य आलं, लढाईत आणि नंतरच्या आगीत जुनं शहर जवळजवळ सगळं गेलं, क्रेनचं लाकूडसुद्धा जळलं. आज दिसते ती नंतर बांधलेली. इथपर्यंत तुमचं शंभर टक्के बरोबर. पण पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही, की बांधलं ते नक्की कुठलं शहर? 1939 चं नाही बांधलं. 1793 मध्ये हे गाव प्रशिया या जर्मन राज्याकडे गेलं, आणि नंतर पोलंडने ते उभारलं तेव्हा शक्यतो त्याच्या आधीच्या काळासारखं उभारलं, ते डच वळणाचे उंच निमुळते दर्शनी भाग वगैरे, आणि एकोणिसाव्या शतकातली जर्मन छाप जिथे गाळता आली तिथे गाळली. म्हणजे तुम्ही द्वुगा रस्त्यावर उभे राहून जे बघता ते जसंच्या तसं कुठल्याही एका वर्षी अस्तित्वात नव्हतं. कोणीतरी बसून ठरवलंय, काय ठेवायचं आणि काय विसरायचं. यूट्यूबवरचा माणूस ड्रोन उडवून म्हणतो वॉव मेडिव्हल टाऊन, आणि पुढे जातो.

गाईडबाईंनी आम्हाला त्या रस्त्यावरून एका कमानीतून मागच्या बाजूला नेलं. पुढे सोनेरी नक्षी, पुतळे, कोरीव दगडी पायऱ्या, आणि मागे बघतो तर साध्या गिलाव्याच्या भिंती, हिरवळ, पोरांची घसरगुंडी, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. युद्धाआधी मागची ही जागा इमारतींनी गच्च भरलेली होती, त्या परत बांधल्याच नाहीत, कारण नवीन सरकारला इथे कामगारांसाठी उजेड-हवा असलेले फ्लॅट हवे होते. त्यांनी एक खिडकी दाखवली आणि दोन शेजारशेजारच्या घरांना मागून मिळून एकच जिना कसा आहे ते दाखवलं, पुढून बघाल तर दोन वेगवेगळ्या श्रीमंत व्यापाऱ्यांची घरं. त्या स्वतः अशाच एका फ्लॅटमध्ये लहानाच्या मोठ्या झाल्या. शाळेतून घरी यायचं तर नेपच्यूनच्या कारंज्यावरून, ज्याच्यासमोर आपण रांग लावून सेल्फी काढतो. आता हा सेट असेल तर सेटमध्ये तीन पिढ्या राहतायत, पाण्याच्या बिलावरून भांडतायत, आणि एअरबीएनबीवाल्यांच्या सुटकेसच्या खडखडाटाला वैतागल्यात.

आणि काका, तुम्ही कोल्हापूरचे म्हणून हे मुद्दाम. बाईंचे आईवडील ग्दान्स्कचे नव्हतेच. ते विल्नोचे, म्हणजे आजच्या लिथुआनियातलं विल्नियस. युद्धानंतर सरहद्दी सरकल्या, पोलंडचा पूर्वेकडचा भाग सोव्हिएत युनियनमध्ये गेला, तिकडची पोलिश माणसं पश्चिमेला आली, आणि ग्दान्स्कमधल्या जर्मन लोकांना बिऱ्हाड गुंडाळून जावं लागलं. तुमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत 1943 ते 1948 जी पाचेक हजार पोलिश माणसं राहिली ती बहुतेक याच पूर्वेकडच्या पट्ट्यातली, सोव्हिएतांनी आधी सायबेरियाकडे वगैरे हाकललेली. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना परत जायला घरच उरलं नव्हतं, गाव दुसऱ्याच देशात. म्हणून कोणी इंग्लंडला गेले, कोणी ऑस्ट्रेलियाला. बाबांनी वळिवड्याचं नाव काढलं तेव्हा बाईंना पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या जामनगरच्या जामसाहेबांचं माहीत होतं, वॉर्सात त्यांच्या नावाचा चौकच आहे, कोल्हापूरचं मात्र त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. वॉर्सात कोल्हापूरचंही स्मारक आहे, 2024 मध्ये पंतप्रधान तिथे गेले होते, हे आम्ही त्यांना सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. तेव्हा पोलंडशी आपला काय संबंध, हे निदान कोल्हापूरकराने तरी म्हणू नये असं माझं नम्र मत.

रडगाण्याबद्दल. हो, अशी भीती असते, आणि असे गाईड असतातही, एकाच सुरात आमच्यावर कसा अन्याय झाला तेच. पण आमच्या बाबतीत उलट झालं. पोलिश पोस्ट ऑफिससमोर (तेव्हा ग्दान्स्क ना जर्मनीत ना पोलंडात, वेगळं स्वतंत्र शहर होतं) त्यांनी 1 सप्टेंबर 1939 चं सांगितलं, की जर्मन युद्धनौका आठवडाभर आधी पाहुणी म्हणून बंदरात येऊन थांबलेली, पहाटे तिने बंदराच्या तोंडाशी असलेल्या वेस्टरप्लाटेच्या पोलिश लष्करी ठाण्यावर तोफा डागल्या, त्याच दिवशी पोस्टातले कर्मचारी चौदा-एक तास लढले आणि शरण आलेल्यांतल्या बहुतेकांना पुढे ऑक्टोबरमध्ये गोळ्या घातल्या. हे कुठल्याही टूरमध्ये ऐकायला मिळतं. पण तिथून पुढे त्या आम्हाला बस स्टँडजवळच्या एका चर्चपाशी घेऊन गेल्या, जिथे टूरिस्ट फक्त बस चुकली तर जात असेल. तिथे एक स्मारक आहे, नाव "अस्तित्वात नसलेल्या स्मशानांचं स्मशान". युद्धानंतरच्या काळात शहरातली जुनी स्मशानं सपाट केली गेली, जर्मन लोकांची, ज्यूंची, इतरांची, त्यांच्यासाठी शहराने 2002 मध्ये हे केलं. झाडांसारखे दगडी खांब आणि मध्ये जुन्या थडग्यांचे तुकडे ठेवलेत, अर्धवट नावं वाचता येतात. बाई म्हणाल्या, मी ज्या पार्कात खेळायचे ते काय होतं हे मला पस्तिशीत कळलं. आता हे आपल्या बाजूचं रडगाणं म्हणायचं का? ज्या गावात 1939 पर्यंत बहुसंख्य माणसं जर्मन बोलत होती तिथे राहणाऱ्या पोलिश बाईने हे स्वतःहून दाखवलं.

जहाजबांधणीच्या गोदीतसुद्धा तेच. सगळ्यांना 1980 च्या संपाचा नेता लेक वालेसा माहीत, भिंतीवरून उडी मारली, मिशा, नोबेल, अध्यक्ष. गेट क्रमांक 2 समोर बाईंनी सुरुवात केली ती क्रेन चालवणाऱ्या अ‍ॅना वालेंटिनोविचपासून. निवृत्तीला काही महिने उरले असताना तिला कामावरून काढलं, आणि 14 ऑगस्ट 1980 चा संप पेटला तो तिला परत घ्या म्हणून. दोनच दिवसांत व्यवस्थापनाने पगारवाढ कबूल केली, वालेसाने संप संपल्याचं जाहीरही केलं, लोक घरी निघाले. तेव्हा वालेंटिनोविच, नर्स अलिना पिएन्कोव्स्का आणि ट्राम चालवणारी हेन्रिका क्रझिवोनोस या बायकांनी गेटवर जाऊन लोकांना थांबवलं, की आमच्यासाठी बाकीचे कारखाने उतरलेत, त्यांना वाऱ्यावर सोडून जाणार का? संप चालू राहिला, 21 मागण्यांचे ते लाकडी फलक गेटवर चढले, 31 ऑगस्टला करार झाला, सॉलिडॅरिटी ही स्वतंत्र युनियन उभी राहिली. फलकांवर पहिली मागणी स्वतंत्र युनियनची, आणि खाली बाळंतपणाची पगारी रजा, पाळणाघरं, शनिवारची सुट्टी. आई त्या यादीपाशी बराच वेळ रेंगाळली.

बाबा गिरणगावात वाढलेले, आजोबा 1982 च्या संपातले. त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं, संप जिंकला ना, मग त्या कामगारांचं पुढे काय झालं? बाई थोड्या थांबल्या. मग म्हणाल्या, 1996 मध्ये गोदी दिवाळखोरीत गेली, माझा भाऊ होता तिथे, नंतर नॉर्वेला वेल्डिंगला गेला, अजून तिकडेच आहे. जुन्या शेडमध्ये आता बार आणि क्लब आहेत, मुलं बियर पितात. बाबा म्हणाले, आमच्याकडे मॉल झाले. त्यानंतर दोघं पंधरा-वीस मिनिटं पुढे चालत होते आणि आम्ही मागून, मला वाटतं त्या दिवशीचे सगळे पैसे तिथेच वसूल झाले. अ‍ॅपला हा प्रश्न विचारून बघा, उत्तर येईलही, पण त्याचा भाऊ नॉर्वेला नसतो.

आता पैशांचं. फुकट टूर काही फुकट नसते, शेवटी टिप द्यायची असते आणि द्यायलाच हवी, त्या पोरांचं पोट त्यावर असतं. तीस जण, पुढे छत्री, मागच्याला ऐकू येत नाही, आणि आईच्या गुडघ्यांना ते गोटे बसवलेले रस्ते, ती दर दहा मिनिटांनी बसणार म्हटल्यावर ग्रुप थांबणार आहे का? प्रायव्हेट गाईड सहसा माणशी नाही, ग्रुपचे पैसे घेतो, आम्ही चौघं होतो, वाटून टाकले. एकटे असाल तर खिशाला लागतं हे मात्र खरं आणि तेव्हा फुकट टूरच घ्या, मी पण घेईन. अजून एक, पोलंडमध्ये 2014 पासून शहराचा गाईड व्हायला लायसन्स लागत नाही, त्यामुळे कोणीही बोर्ड लावू शकतो. बुक करायच्या आधी मी एकच गोष्ट विचारते, की तुम्ही काय दाखवणार नाही? जो म्हणतो सगळं दाखवतो त्याला नमस्कार.

आणि प्रत्येक ठिकाणी गाईड हवाच असं मी कुठेच लिहिलेलं नाही हो. सॉलिडॅरिटीच्या म्युझियमला ऑडिओ गाईड उत्तम आहे. मेमलिंग या जुन्या चित्रकाराचं "अंतिम निवाडा" हे चित्र नॅशनल म्युझियममध्ये आहे, तिथे एकटंच जावं. ते चित्र 1473 मध्ये ग्दान्स्कच्या एका सागरी लुटारूने भर समुद्रात पळवलेलं, नंतर नेपोलियनच्या लोकांनी पॅरिसला नेलं, मग सोव्हिएतांनी लेनिनग्राडला, 1956 मध्ये परत आलं, बंदराची अख्खी कथा एका फळीवर. आणि तुम्हाला शंका होती तसं अंबरच्या दुकानात कमिशनसाठी वगैरे नेलं नाही. मारियात्स्का गल्लीतून जाताना उलट एवढंच सांगितलं की खरं अंबर हाताला कोमट लागतं, भरपूर मीठ घातलेल्या पाण्यात तरंगतं, आणि दुकानदार अतिनील टॉर्चखाली दाखवायला नाही म्हणाला तर चालू लागा.

तुम्ही लिहिलंय की पुढच्या वर्षी काकूंना घेऊन बाल्टिक क्रूझ करताय आणि ग्दान्स्कला जेमतेम अर्धा दिवस आहे. तर लक्षात ठेवा, मोठी क्रूझ जहाजं बरेचदा शेजारच्या ग्दिनियाला लागतात (पन्नासच्या दशकात बाटोरी नावाचं पोलिश जहाज इथूनच मुंबईला यायचं). तुमच्या तिकिटावर कुठलं बंदर आहे ते आधी बघा. ग्दिनिया असेल तर लोकल ट्रेनने ग्दान्स्कच्या मुख्य स्टेशनपर्यंत साधारण 40 मिनिटं, क्रूझवाल्यांची महागडी बस नको. स्टेशनवरून आधी गोदी आणि तिथले मारल्या गेलेल्या कामगारांच्या स्मारकाचे तीन उंच क्रॉस, मग पोस्ट ऑफिस, मग मारियात्स्का, शेवटी क्रेन, हे एका ओळीत येतं. वेस्टरप्लाटे सोडून द्या, अर्ध्या दिवसात धावपळ होईल. सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्याला चारशेच्या वर पायऱ्या आहेत, काकूंना नका चढवू. गाईड दोन तासांसाठीही मिळतात, आमच्या बाईंना विचारून त्यांचा नंबर मेल करते, चालेल ना?